ओला कचरा घरातच जिरवायचा, तर वास येत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. फ्लॅटमध्ये ओला कचरा जिरवायचा म्हटलं की पहिला प्रश्न वासाचा असतो, आणि तो रास्तच आहे. कचरा बादलीत सुक्या पाल्याबरोबर कुजवून त्याचं खत करायचं असतं. ज्या बादलीत सुका पाला कमी पडतो, तिला वास येतो. पाला पुरेसा असला तर झाकण उघडल्यावर फार तर ओल्या मातीचा वास येईल.

भाजीची देठं, फळांची सालं यांत बहुतांश पाणीच असतं. नुसती सालं टाकत गेलं की ती दबतात, पाणी सुटतं आणि मधली हवा निघून जाते. हवा संपली की बिनहवेचे जिवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्यासारखा दर्प सुटतो. पाला हे पाणी शोषतो आणि हवेला वाट ठेवतो. शिवाय जिवाणूंना एक भाग नत्रामागे (नायट्रोजन) साधारण २५ ते ३० भाग कर्ब (कार्बन) लागतो. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात तेवढा कर्ब नसतो, पाल्यात भरपूर असतो. म्हणून जिवाणूंच्या महागड्या पावडरीवर पैसे घालण्याआधी पाला गोळा करा, असं माझं ठाम मत आहे. विरजण म्हणून दोन मुठी जुनं खत घाला. ते नसेल तर वाटीभर आंबट ताक लिटरभर पाण्यात मिसळून त्यातलं थोडं पहिल्या थरांवर शिंपडलं तरी भागतं.

चौघांच्या घराला रंगाच्या २० लिटरच्या दोन-तीन रिकाम्या बादल्या लागतात. त्या स्वच्छ धुऊन बाजूंना दर चार-पाच बोटांवर आणि बुडाला पाच-सहा भोकं ड्रिलने पाडा, सहा ते आठ मिलिमीटरची. बादली दोन विटांवर ठेवून खाली ताटली ठेवा. बुडाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटं थर, वर पाला. मग रोजचा कचरा इंचभर तुकडे करून टाकायचा, आणि एक वाडगा कचऱ्याला एक ते दीड वाडगा चुरलेला पाला घालायचा. सर्वांत वर कायम पालाच दिसला पाहिजे. कचरा उघडा राहिला की चिलटं आलीच. दर तिसऱ्या दिवशी अगदी तळापासून ढवळा. वरवर हलवून काही होत नाही, कारण हवा तळालाच कमी पडते.

ओल किती हवी, ते हातानेच कळतं. मधली मूठभर सामग्री घेऊन घट्ट दाबा. बोटांतून एखादा थेंब डोकावला तर ठीक. पाणी गळलं तर पाला वाढवा आणि दोन दिवस नवा कचरा टाकू नका. मूठ उघडताच सगळं भुरभुरून पडलं तर पाणी शिंपडा. कोरड्या बादलीत मुंग्या होतात आणि कुजणं थांबतं.

उग्र, नाकाला झोंबणारा वास आला तर नत्र जास्त झालं. चहाचा चोथा किंवा उरलेली डाळ-उसळ एकदम पडली की असं होतं. चोथा धुऊनच टाका, साखरेवर मुंग्या येतात. उरलेला भात गोळा होऊन बसतो, तो मोकळा करून पाल्यात कालवा. जाड, तपकिरी अळ्या दिसल्या तर घाबरून बादली फेकू नका. बहुधा त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि कचरा फार झपाट्याने संपवतात. नको असतील तर वरचा पाल्याचा थर जाड करा. मासळी, मटण, हाडं आणि खूप तेलकट पदार्थ एवढ्या लहान बादलीत घालू नयेत. आंब्याची कोय आणि करवंटी लवकर कुजत नाही. निर्माल्यातला दोरा आणि जरीचे धागे आधी काढा, फळांवरचे स्टिकरही.

पाला आणायचा कुठून? फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सोसायटीच्या झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून दोन-तीन गोण्या भरून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात वाळकं पान मिळत नाही. बदामाची पानं जाड असतात, ती चुरूनच घाला. कांद्या-लसणाची टरफलं आणि शेंगांची फोलपटं हाही सुका मालच आहे. हाच पाला अनेक ठिकाणी कोपऱ्यात पेटवून देतात. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच ५,००० रुपयांचा दंड ठरवून दिला आहे, हे सोसायटीच्या बैठकीत जरूर सांगा.

बादली भरली की बाजूला ठेवून दुसरी सुरू करा. पहिली आठवड्यातून एकदा ढवळत राहा. साधारण दीड-दोन महिन्यांत माल काळपट होतो आणि साल कोणती, देठ कोणतं ते ओळखू येत नाही. तरी लगेच कुंडीत घालू नका. मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबट वास आला तर ते कच्चं आहे, आणखी पंधरा दिवस मुरू द्या. कच्चं खत कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि झाडाची पानं पिवळी पडतात. तयार झालेलं मात्र चाळून बारा इंची कुंडीला महिन्यातून दोन मुठी पुरे. चाळणीवर राहिलेला जाडाभरडा भाग पुढच्या बादलीचं विरजण म्हणून वापरा.