फॉरमॅट न मारता अख्खं ऑफिस एसएसडीवर नेलं

2023 च्या दिवाळीत सांगलीतल्या एका सीए ऑफिसचे 14 पीसी जुन्या हार्डडिस्कवरून एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, नेले. तेव्हापासून दोन-तीन जणांनी विचारलं की एवढा उपद्व्याप कशाला, सरळ विंडोज टाकायचं ना नवीन, दोन तासात मशीन मोकळं. त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

ज्याने सीए ऑफिसात सपोर्ट दिलाय त्याला माहितीये की तिथे विंडोज टाकणं हे सगळ्यात सोपं काम असतं, खरं काम त्यानंतर सुरू होतं. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे ड्रायव्हर, तेही दोन-तीन कंपन्यांचे, जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही करायला लागणारं एमसाइनर, टॅली, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची कागदाच्या मापाची सेटिंग, मराठी टायपिंगचं श्रीलिपी आणि त्याचा जुना कीबोर्ड लेआउट, आणि प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर आठ वर्षात साठलेली एक्सेल. यातलं निम्मं कुणी कधी टाकलं ते टाकणाऱ्यालाही आठवत नाही आणि त्याची सीडी तर कुठेच सापडत नाही. अकाउंटंट काकांनी मला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "अहो, माझं श्रीलिपी जाणार नाही ना?" मी म्हटलं काका, तुमचं काहीच हलणार नाही, आयकॉन पण जिथल्या तिथे राहतील. आणि एकदा शब्द दिला म्हटल्यावर क्लोनशिवाय, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवण्याशिवाय, दुसरा मार्गच नव्हता.

मशीन वाईट नव्हती, चौथ्या पिढीचे आय3, 8 जीबी रॅम. पण सकाळी बटण दाबून लोक चहाला जायचे, टास्क मॅनेजर उघडला की डिस्क 100 टक्के. हार्डडिस्क मिनिटाला 7200 फेरे मारते म्हणजे एका फेरीला साधारण 8.3 मिलिसेकंद, हवा असलेला सेक्टर, म्हणजे डेटाचा तुकडा, वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबायचं, शिवाय हेड सरकायला वेळ वेगळा, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे छोटे तुकडे वाचतं. तिथे प्रोसेसर कितीही चांगला असला तरी तो नुसता वाट बघत बसणार.

हे क्लोन मी नेटवर्कवरून केले, आधी प्रत्येक डिस्कची इमेज, म्हणजे फाइलच्या रूपातली पूर्ण कॉपी, सोबत नेलेल्या सर्व्हरवर घ्यायची आणि मग ती एसएसडीवर उतरवायची. आता नेटवर्कवरून का, केबल लावून डिस्क टू डिस्क का नाही? एक तर कॅबिनेट एवढे छोटे की दुसऱ्या डिस्कला पॉवरची पिनच शिल्लक नाही, पण खरं कारण वेगळं आहे. डिस्क टू डिस्क केलं की हातात फक्त एक कॉपी असते, इमेज आधी सर्व्हरवर घेतली की ती तिथे राहते, एसएसडी उद्या बंद पडली तरी परत उतरवता येते. सीएच्या ऑफिसात लोकांचे रिटर्न असतात, तिथे मला ही जास्तीची पायरी हवीच होती.

क्लोनझिला वापरलं. तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगमध्ये तयार झालेलं, फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या आत पार्टक्लोन चालतं, जे फाइल सिस्टीममधले फक्त वापरात असलेले ब्लॉक कॉपी करतं, म्हणजे डिस्क 500 जीबीची असली आणि आत 80 जीबीच भरलेले असले तर 80 च जातात. सर्व्हर म्हणून माझा घरचा जुना डेस्कटॉप 2 टीबीची डिस्क घालून, ती सांबाने नेटवर्कवर शेअर करून नेला, सोबत 8 पोर्टचा गिगाबिट स्विच. ऑफिसच्या राउटरला हात लावला नाही. पीएक्सईने, म्हणजे थेट नेटवर्कवरून, बूट करायचा विचार होता, पण त्यासाठी माझा डीएचसीपी, म्हणजे मशीनना नेटवर्कचे पत्ते वाटणारा सर्व्हर, उभा करायचा, कुणी चुकून दोन्ही स्विच जोडले की दोन डीएचसीपी भांडणार, त्यापेक्षा तीन पेनड्राइव्ह बनवले. 14 मशीनला तेवढं पुरतं, 50 असती तर पीएक्सईच केलं असतं.

सगळ्यात जास्त डोकं गेलं ते साइजमध्ये. जुनी डिस्क 500 ची आणि एसएसडी 240 ची, जी विंडोजमध्ये 223 जीबीच दिसते. क्लोनझिला लहान डिस्कवर उतरवायला सरळ नाही म्हणतं, आत डेटा कितीही कमी असू दे. म्हणून आधी सी ड्राइव्ह 200 च्या आत आणायचा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून श्रिंक म्हणजे लहान करायला गेलं की 100 जीबी भरलेल्या ड्राइव्हवर पण ते म्हणतं फक्त 40 जीबीच कमी करता येतील, कारण न हलणाऱ्या फाइल मध्येच कुठेतरी बसलेल्या असतात, पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टीम रिस्टोअरचे पॉइंट. ते तिन्ही बंद करायचे, रिस्टार्ट मारायचा आणि परत बघायचं, 14 पैकी 10 मशीन एवढ्यावर ऐकली. उरलेल्या चारला जीपार्टेड या पार्टिशन लहान-मोठं करणाऱ्या सॉफ्टवेअरने केलं, पण त्याआधी त्या चारही मशीनची एक इमेज आहे तशी घेऊन ठेवली, कारण पार्टिशन हलवताना लाइट गेली तर काय होतं ते मी एकदा बघितलंय. रिकव्हरी पार्टिशन डिस्कच्या शेवटी असेल तर तेही डावीकडे सरकवावं लागतं, नाहीतर ते 240 च्या बाहेरच राहतं. सगळी मशीन एमबीआरवाली, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलची होती त्यामुळे उतरवताना एक्सपर्ट मोडमध्ये जाऊन साइज तपासू नको एवढंच सांगितलं आणि पार्टिशन टेबल जसाच्या तसा उतरवला. तिथे प्रमाणात लहान करणारा पर्याय आहे तो यावेळी घ्यायचा नाही, आपण आधीच लहान केलेलं असतं, तो अजून लहान करायला जातो आणि डेटा मावत नाही. आणि इमेज घेण्याआधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून नीट शटडाउन केलेलं पाहिजे, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि पार्टक्लोन तिथेच अडतं.

शनिवारी सकाळी सुरू केलं. कॅबिनेटवर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू अजून वाळलेलं होतं, ते न पुसता उघडले. पहिलं मशीन मिनिटाला 5 जीबीने गेलं, 80 जीबी सोळा मिनिटात, मग दुसरं लावलं तर पार्टक्लोनच्या निळ्या पट्टीखाली मिनिटाला जेमतेम 1 जीबी. तशीच डिस्क, तोच सर्व्हर. स्विचवर बघितलं तर त्या पोर्टचा दिवा पिवळा, बाकीचे हिरवे, म्हणजे लिंक 100 एमबीपीएसवर बसलेली. केबलचं टोक उजेडात धरलं तर ब्राउन जोडीतली एक तार आरजे45 च्या आत पोचलेलीच नव्हती. 100 ला दोनच जोड्या लागतात त्यामुळे ती केबल इतकी वर्षं बिनतक्रार चालली होती, गिगाबिटला चारही लागतात. नवीन टोक क्रिम्प केलं आणि परत 5 जीबी. एका वेळी दोनच मशीन लावायची हेही तिथेच ठरलं, तिसरं लावलं की सर्व्हरची डिस्क इकडून तिकडे धावायला लागते आणि तिघांचाही वेग पडतो. इमेज घेतली की ती उतरवण्याजोगी आहे का ते तपासायचा पर्याय येतो, तो प्रत्येक वेळी हो केला.

काकांचंच मशीन नेमकं आजारी निघालं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळं, पेंडिंग म्हणजे नीट वाचता न येणारे सेक्टर वाढलेले, आणि 60 टक्क्यांवर क्लोनझिला वाचता येत नाही म्हणून थांबलं. अशा वेळी बरेच जण त्याच डिस्कवर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड, मारतात, कृपा करून मारू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्तास पळवण्यासारखं आहे ते. मी डिस्क काढून सर्व्हरला लावली आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरून डेटा वाचवणाऱ्या सॉफ्टवेअरला दिली. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतं आणि अवघड जागा नकाशाच्या फाइलमध्ये टिपून ठेवतं, नंतर त्या जागांवर परत परत येतं. रात्रभर चाललं. डिस्क मधूनच टक टक करायची आणि प्रत्येक टकटकीला माझ्या पोटात गोळा यायचा, कारण शब्द दिला होता. सकाळी काही केबी सोडून सगळं आलं होतं. मग चेकडिस्क कॉपीवर चालवलं, गेलं ते विंडोज अपडेटचं काहीतरी होतं आणि एक जुनी पीडीएफ, जी दुसरीकडे मिळाली.

रविवारी दुपारी काम थांबवून टेबलं आवरली, संध्याकाळी सीए सर लक्ष्मीपूजनाला येणार होते. उरलेली मशीन सोमवार-मंगळवारी झाली. पहिल्यांदा एसएसडीवरून बूट करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवायची नाही, दोन्हींची सही, म्हणजे विंडोज ज्यावरून डिस्क ओळखतं तो नंबर, एकच असते आणि विंडोज गोंधळतं. तीन मशीनचा बायोस आयडीई या डिस्कशी बोलायच्या जुन्या मोडवर होता, तो सरळ एएचसीआय या नव्या मोडवर केला तर निळी स्क्रीन येते, म्हणून आधी सेफ मोडमध्ये बूट होईल असं लावायचं, मग बायोस बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये उघडायचं आणि परत नॉर्मल. शेवटी पेजफाइल परत चालू, सी ड्राइव्ह उरलेल्या जागेत वाढवायचा आणि ट्रिम, म्हणजे कुठले ब्लॉक रिकामे झाले ते एसएसडीला कळवणारी सोय, चालू आहे ना ते बघायचं.

गुरुवारी ऑफिस उघडलं. काकांनी बटण दाबलं आणि सवयीने चष्मा पुसायला घेतला, पुसून होईपर्यंत डेस्कटॉप आलेला. ते आधी काही बोललेच नाहीत, श्रीलिपी उघडलं, वर्डमध्ये एक ओळ मराठीत टाइप केली, मग प्रिंटरवर एक कागद काढला आणि मला दाखवला.

14 जुन्या डिस्कवर मशीनचं नाव आणि तारीख लिहून त्या सरांच्या कपाटात ठेवल्या. भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत हे आधीच बोललो होतो, त्यात लोकांचे पॅन, आधार, रिटर्न सगळं आहे. तीन महिने कुणाचं काही राहिलं नाही याची खात्री झाली, मग फेब्रुवारीत एक रविवार जाऊन तेरा डिस्क पूर्ण पुसल्या. काकांची पुसताना मधेच बंद पडली, ती उघडून प्लेट काढून फोडली.