तुम्ही विचारलंत म्हणून: टॅबमधून काढलेला गेम परत कसा येतो?

‘ताई, काल रात्री गेम काढला आणि आज सकाळी तो परत टॅबवर! पोराला आमचा पिन कळलाय का?’ कोथरूडच्या आमच्या सोसायटीत शेजारपाजारच्यांचे टॅब मी लावून देते, त्यामुळे हे मला लिफ्टमध्ये, भाजी घेताना, शाळेच्या बसची वाट बघताना विचारलं जातं. म्हणून एकदा नीट लिहिते.

पिन बहुतेक वेळा कळलेला नसतो. गुगलच्या फॅमिली लिंकमध्ये, म्हणजे मुलांच्या टॅबवर पालकांना लक्ष ठेवता येतं त्या अ‍ॅपमध्ये, नवीन अ‍ॅपसाठी मुलाची विनंती तुमच्या फोनवर येते आणि तुम्ही हो म्हणता. पण एकदा मंजूर झालेलं अ‍ॅप मुलाने काढून पुन्हा घेतलं, तर परत विचारलं जात नाही. अपडेटचंही तसंच. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत ज्याला हो म्हणालात, तो होकार अजून चालूच आहे. म्हणजे नुसतं अनइन्स्टॉल करून काही साधत नाही. आधी ब्लॉक करायचं. फॅमिली लिंकमध्ये मुलाचं नाव, मग अ‍ॅप लिमिट, मग ते अ‍ॅप, आणि ब्लॉक. टॅब नेटला जोडलेला असला की थोड्या वेळात त्याचं चिन्ह तिथून नाहीसं होतं. आईबाबांच्या फोनवरून अ‍ॅप अनइन्स्टॉल मात्र होत नाही, ते टॅब हातात घेऊनच करावं लागतं. जागा मोकळी करायची असेल तर करा, नाहीतर ब्लॉक पुरे.

पण हे सगळं टॅबवर मुलाचं स्वतःचं खातं असेल तरच. घरोघरी टॅब बाबांच्या जीमेलवर चालू असतो. प्ले स्टोअरला वाटतं, समोर मोठा माणूस बसलाय, मग ते परवानगी कोणाकडे मागणार? तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकाने फॅमिली लिंकमधून उघडून द्यायचं असतं. ते उघडा, टॅबवर तेवढंच ठेवा, बाबांचं टॅबवरून हटवा. मला टॅब दाखवायला आणणाऱ्यांना मी पहिलं हेच विचारते, खातं कोणाचं? अर्ध्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात.

आयपॅडवाल्यांनी सेटिंग्जमधल्या स्क्रीन टाइममध्ये जावं. तिथे अ‍ॅप घ्यायला मनाई केली की अ‍ॅप स्टोअरच दिसेनासं होतं. स्क्रीन टाइमचा पासकोड मात्र आयपॅड उघडायच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा.

टॅबसोबतच आलेली काही अ‍ॅप निघतच नाहीत, यूट्यूब त्यातलंच. तिथे अनइन्स्टॉलच्या जागी डिसेबल दिसतं. ते करा किंवा फॅमिली लिंकमधून ब्लॉक करा. ओळखीच्या कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल, पाठवली असेल तर ती टाकू नका. फॅमिली लिंकमध्ये अनोळखी ठिकाणाहून येणारी अ‍ॅप अडवायची सोय आहे, ती चालू आहे ना, बघून घ्या.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. आमच्या मजल्यावरची एक मुलगी गणपतीची चित्रं टॅबवर काढायची. मोदक, उंदीरमामा, मानाच्या पाचही गणपतींची मखरं, प्रत्येकाला वेगळा रंग. घरच्यांनी एका रात्री वैतागून सगळे गेम काढले, त्यात ते चित्रांचं अ‍ॅपही गेलं. अ‍ॅपच्या आतच साठवलेलं सगळं अ‍ॅपबरोबर पुसलं जातं. सकाळी ती टॅब घेऊन माझ्याकडे आली, अ‍ॅप परत टाकून दिलं, पण आत कोरं पान. ती रडली नाही, नुसती एकेक फोल्डर उघडून बघत राहिली. म्हणून माझा आग्रह आहे, की मुलं झोपल्यावर अ‍ॅप काढू नका. शेजारी बसवा, ‘यातलं तुला काय ठेवायचंय?’ विचारा, चित्रं-फोटो आधी गॅलरीत उतरवून घ्या, मग त्याच्याच हाताने काढू द्या. सात-आठ वर्षांचं मूल नको असलेली बरीच अ‍ॅप स्वतःहून दाखवतं. जे हवंच म्हणतं, त्याला रोजची वेळ लावा, अर्धा तास, पाऊण तास. शाळेचं अ‍ॅप मात्र फॅमिली लिंकच्या ‘कायम चालू’मध्ये ठेवा, म्हणजे टॅबची दिवसाची वेळ संपली तरी गृहपाठ अडत नाही. आणि काढायचंच ठरलं, तर का ते मुलाला सांगा. ‘यात अनोळखी माणसं तुझ्याशी बोलू शकतात’ हे त्याला कळतं. ‘मी म्हणते म्हणून’ म्हटलं की ते आजोबांच्या फोनवर तोच गेम शोधतं.

राहिलं पैशाचं. अ‍ॅप काढलं म्हणजे वर्गणी थांबली असं नाही. प्ले स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते आणि यूपीआयवर ऑटोपे, म्हणजे दर वेळी पैसे आपोआप कापायची परवानगी, लावलं असेल तर तेही बघायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या निदान 24 तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. ती सूचना बँकेच्या जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवते, तेवढी वाचत जा. टॅब घेऊन याल तेव्हा मुलालाही बरोबर आणा, संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.