कोनाकडून आलं?

विषयाची ओळ चटकदार असली की लोक मेल उघडतात, असं मार्केटिंग शिकवणारे सांगतात. शहरात तसं असेलही. आमच्या मोर्शी तालुक्यात मी पाहते, त्यात माणूस विषयापर्यंत पोचतच नाही. त्याची नजर आधी नावावर जाते. नाव ओळखीचं निघालं तर पुढचं बोलायचं.

ही खोड मोबाइलनं लावलेली नाही, ती आमची जुनीच आहे. पारावर नवा माणूस दिसला की ‘तुमचं नाव काय’ असं कुणी विचारत नाही. ‘कोनाकडे आले, भाऊ?’ असं विचारतात. नुसत्या नावानं भागत नाही, कारण विजय, संजय, प्रमोद गावात पायलीचे पन्नास. ‘चक्कीवाल्यायच्या घरी, जवाई होय मी त्यायचा’ असं उत्तर आलं की पारावरचे लोक सरकून जागा करतात. मी या गावात लग्न होऊन आले ती दारव्ह्याकडून, म्हणून मी ‘दारव्हावाली’. माझं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथेच ते सुखानं नांदतंय.

फोनवरच्या मेसेजांनी मात्र या खोडीची परीक्षाच पाहिली. बँक असो, खताचा कारखाना असो की सरकार, सगळे एकाच वळणानं येतात: आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग पुढे नाव म्हणून बहुतेक वेळा सहा अक्षरं. पहिल्या दोन अक्षरांत मोबाइल कंपनी कोणती आणि सर्कल, म्हणजे तिचा विभाग, कोणतं ते दडलेलं असतं. हे नाव पाठवणाऱ्याला आधी नोंदवून घ्यावं लागतं, दूरसंचारावर नजर ठेवणाऱ्या ट्रायचा २०१८ चा नियमच आहे तसा. २०२५ पासून त्याला शेवटी आणखी एक अक्षर चिकटलं. जाहिरात असेल तर पी, सेवेचा मेसेज असेल तर एस, व्यवहाराचा असेल तर टी आणि सरकारी असेल तर जी. शेजारच्या आबाजींना हे मी एकदा समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ नेला आणि एकेक अक्षर बोटानं दाबून पाहिलं. मग म्हणाले, “म्हनजे शेवटी जी दिसला का सरकार समजाचं?”

“हो, आबाजी.”

“मंग किसानचे दोन हजार आले काय, थे पाय बरं.”

मेलच्या जगात असा नोंदणीचा दाखला नाही. तिथे पाठवणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी असते आणि तिथे कुणीही काहीही टाइप करावं. नावामागे खरा पत्ता असतो, पण फोनवर तो दिसत नाही. नावावर बोट ठेवाल तेव्हा उलगडतो. पत्त्याची तपासणी होते म्हणा, तीन चौक्यांवर. एसपीएफ पाहतं की या पत्त्याच्या वतीनं मेल सोडायची परवानगी या सर्व्हरला आहे का. डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही, वाटेत मजकूर कुणी बदलला का ते तिच्यावरून कळतं. आणि डीमार्क या दोन्हींपैकी निदान एकाचा मेळ समोर दिसणाऱ्या पत्त्याशी बसतो का ते बघतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची झाली. पण या सगळ्या चौक्या पत्ता तपासतात. नावाला कुणी हटकत नाही.

म्हणूनच आमच्या संत्रा उत्पादकांच्या कंपनीचे मेल कोणत्या नावानं जावेत, यावर पॅकिंगच्या शेडमध्ये एक अख्खी संध्याकाळ गेली. कंपनीचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे असतं. संचालक मंडळ उलट्या कॅरेटांवर बसलं होतं. कागदावरचं नाव जसंच्या तसं जावं, असं अध्यक्षांचं म्हणणं. त्यात एक अडचण होती. किमान दहा शेतकरी मिळून अशी कंपनी काढतात आणि कायद्यानं तिच्या नावाचा शेवट ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ असाच करावा लागतो. आता फोनच्या पडद्यावर वीस-पंचवीस अक्षरं मावतात. मी तिथेच एक मेल अध्यक्षांच्या फोनवर सोडून दाखवला. नाव ‘फार्मर्स प्रोड्यु’पर्यंत आलं आणि पुढे तीन टिंबं. अध्यक्षांनी फोन आडवा धरून पाहिला, तरी टिंबं हटली नाहीत.

मग कुणीतरी म्हणालं, सरळ ‘नागपुरी संत्रा’ लिहा. यावर शेडमध्ये जुना घाव उघडा पडला. वरुड-मोर्शीला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणायचं, आणि अमरावती जिल्ह्यात पिकलेलं फळ विकायचं मात्र नागपूरच्या नावानं. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही ‘नागपूर संत्रा’ म्हणूनच. मानांकनात आमचाही भाग येतो, ही गोष्ट वेगळी. “पिकवा आमी, ताण देवा आमी, कोळशी आली का फवारे मारा आमी, अन् नाव थ्या नागपूरवाल्यायचं!” हे एका संचालकाचं भाषण. त्यांची नागपुरात सोयरीक आहे, हे मी इथे सांगून टाकते.

अध्यक्षांच्या पुतण्यानं पुण्यात काही दिवस नोकरी केलेली. त्याची सूचना वेगळीच होती: एखाद्या मुलीचं नाव टाका, ‘प्रिया’ म्हणा, पुढे कंपनीचं नाव. माणसाचं नाव दिसलं की लोक उघडतात. यात तथ्य आहे, माझ्याही इनबॉक्समध्ये अशा कितीतरी प्रिया येतात. पण शेडमधला पहिला प्रश्न ठरलेलाच होता: “कोनाची प्रिया?” पुतण्या म्हणाला, कोणाचीच नाही, फक्त नाव. सगळे गप्प झाले. जी बाई गावात नाही तिच्या नावानं गिऱ्हाइकाला हाक मारायची, ही कल्पना त्या मंडळींच्या पचनी पडेना आणि मला स्वतःला त्यांचंच पटतं. उद्या एखाद्या गिऱ्हाइकानं फोन करून प्रियाताईंना द्या म्हटलं, तर द्यायचा कुणाला?

शेवटी तालुक्याचं नाव आणि पुढे ‘संत्रावाले’, एवढंच ठरलं. लिहायचं देवनागरीत. पुतण्यानं त्यालाही नाक मुरडलं, पण इंग्रजी नावांच्या लांबलचक रांगेत देवनागरी शब्द पटकन डोळ्यांत भरतो. मेलचा हा वरचा भाग मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठी बनलेला, त्यामुळे आमचं नाव प्रवासात सांकेतिक अक्षरांची गाठोडी होऊन जातं आणि पोचल्यावर सुटतं. आणखी एक ठरलं की हे नाव बदलायचं नाही. अध्यक्ष बदलोत, दिवाळी येवो. सणाला एक नाव आणि एरवी दुसरं असं केलं की घेणारा बावचळतो, आणि बावचळलेला माणूस स्पॅमचं बटण दाबतो. हजारात तिघांनी ते दाबलं तरी जीमेलच्या डोळ्यावर येतं.

नव्या माणसाला पहिला मेल काय जावा, यावर मात्र फार वाद झाला नाही. शहरातल्या प्रदर्शनात लोक संत्रं चाखतात, वहीत मेलचा पत्ता लिहून जातात. त्याच दिवशी त्यांना मेल गेला पाहिजे. पंधरा दिवसांनी गेला तर त्यांना ना आपण आठवतो ना आपलं संत्रं. पुतण्यानं त्यात दहा टक्के सुटीचं कूपन घातलं होतं. अध्यक्षांनी कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाले, “पाव्हना आला, त्याच्या हाती पान्याचा गडवा देला, अन् थो पेत असतानाच भाव सांगतं काय कोनी?” कूपन गेलं.

त्यामुळे आमच्या पहिल्या मेलमध्ये विकायचं काहीच नसतं. बागा कोणत्या गावांच्या, हे असतं. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं आणि मधल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आमच्याकडे फळ नसतं, म्हणून मेलही नसतो, हे असतं. पहिल्या तोड्याचं साल हिरवट दिसेल, घाबरू नका, आत गोड आहे, ही एक ओळ मी हट्टानं घातली. आणि तळाशी, बारीक न करता, यादीतून नाव काढायची जागा. त्या मेलला उत्तर दिलं तर ते आमच्याकडे येतं. मोठमोठ्या कंपन्या ‘उत्तर देऊ नये’ अशा पत्त्यावरून स्वागत करतात. दारात या-बसा म्हणायचं आणि पाहुणा बोलायला लागला की आत निघून जायचं, हे कसलं स्वागत?

उत्तरं येतात. बरीचशी हिरव्या सालाबद्दलच असतात, म्हणजे माझी ओळ वाचूनही येतात. एका बाईंनी सालाचं लोणचं कसं घालायचं ते कळवलं. काही लोक यादीतून नाव काढतात. अध्यक्षांना त्याचं वाईट वाटतं, ते प्रत्येकाचं गाव विचारतात. गेल्या मृगाला असंच नाव काढून घेतलेल्या नाशिकच्या एका गृहस्थांचा फोन शेडवर आला. म्हणाले, मेल फार होतात हो, म्हणून बंद केला, राग मानू नका. दोन पेट्या मात्र पाठवा, पत्ता तोच आहे.