टर्कीच्या खिम्याला सुटणारे पाणी

टर्की पक्ष्याचा खिमा ‘मध्यम आचेवर पाच ते सात मिनिटांत तांबूस होतो’ असे जवळजवळ प्रत्येक पाककृतीत लिहिलेले असते, आणि ते लिहिणाऱ्यांपैकी एकालाही त्या खिम्याला सुटणाऱ्या पाण्याबद्दल एक ओळ खर्च करावीशी वाटत नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मुलाने शाळेच्या कँटीनमध्ये स्लॉपी जो खाल्ला आणि घरीही तोच हवा असा हट्ट धरला, तिथून हे सुरू झाले. हा पदार्थ म्हणजे केचप, मोहरी आणि व्हिनेगरच्या आंबटगोड रसात शिजवलेला, गोल बनमध्ये भरलेला खिमा. आयोवा राज्यातील सू सिटी येथे १९३०च्या सुमारास जो नावाच्या आचाऱ्याने तो प्रथम केला, अशी कथा सांगितली जाते. आम्ही राहतो त्या न्यू जर्सीत मात्र जुन्या डेलीमध्ये, म्हणजे थंड मांस आणि सँडविच विकणाऱ्या दुकानात, हेच नाव घेतले, तर राय ब्रेडचे तीन थर, थंड मांसाचे काप, कोलस्लॉ म्हणजे कोबीची कोशिंबीर आणि मेयोनीजचे रशियन ड्रेसिंग असलेले भलतेच सँडविच समोर येते. त्यामुळे बाहेरून आणण्याचा माझा पहिला बेत तिथेच फसला. मूळ पदार्थ गोमांसाचा आहे आणि ते आमच्या घरी येत नाही, म्हणून टर्की.

पहिल्या वेळी मी एक पौंडाचे, म्हणजे ४५४ ग्रॅमचे पाकीट नेहमीच्या खोलगट नॉनस्टिक कढईत रिकामे केले. तीन मिनिटांत खिमा राखाडी पडला आणि कढईत पाण्याचे तळे साचले. खिमा तेल सुटेपर्यंत परतायचा, हे आईकडून शिकलेले असल्यामुळे मी तेलाची वाट पाहत उभी राहिले. पाकिटावर ‘९३ टक्के लीन’ असे लिहिलेले होते, म्हणजे सुटायला चरबी होती अवघी सात टक्के, हे माझ्या ध्यानात आले नाही. वीस मिनिटांनी पाणी आटले तेव्हा खिम्याचे खडे झाले होते, रस त्यांना धरेना, आणि तो खाली उतरून बनचा लगदा झाला. दुसऱ्या वेळी वैतागून मी ते पाणी गाळून टाकले आणि त्याबरोबर चवही गेली. उरलेल्या खिम्याला केचपखेरीज कसलीही चव नव्हती.

तिसऱ्या वेळी कुठे डोक्यात प्रकाश पडला. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि मांस तांबूस होऊन त्याला खमंगपणा यायला साधारण १४० अंशांची धग लागते. मी खिमा परतत नव्हते, उकडत होते. त्यामुळे आता मी पसरट बिडाचे भांडे चांगले तापवून त्यात दोन चमचे तेल घालते, खिमा कागदाने टिपून घेते आणि थालीपीठ थापावे तसा एकच जाड थर पसरून पाच मिनिटे त्याला कालथा लावत नाही. ही पाच मिनिटे हात आवरणे हेच या पदार्थातले सर्वांत अवघड काम आहे, निदान माझ्यासारख्या सतत ढवळणाऱ्या बाईला. खालची बाजू तपकिरी झाली की उलटायचे आणि मगच मोडायचे. खिमा भांड्यात घालण्याआधी पाव चमचा खाण्याचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून खिम्याला चोळून पंधरा मिनिटे ठेवला, तर पाणी पुष्कळ कमी सुटते आणि रंगही लवकर येतो. सोडा याहून जास्त घालू नये, साबणासारखी चव येते.

पुढचे काम सोपे आहे. एक कांदा, अर्धी ढोबळी मिरची आणि तीन लसूण पाकळ्या त्याच भांड्यात परताव्यात; मग पाऊण कप केचप, एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, तेवढेच वूस्टरशर सॉस, एक लहान चमचा मोहरीची पेस्ट आणि थोडे व्हिनेगर घालून दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावे. ब्राउन शुगर मी घालत नाही, केचपमध्ये पुरेशी साखर असते. लाल तिखट मात्र घालते.

सांगायचे राहिले: पहिल्या दिवशी पाकीट अर्धवट गोठलेलेच होते, आणि निम्मे पाणी त्यामुळेच सुटले असणार. ते आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावे. खिमा शिजला की नाही हे रंगावरून ठरवू नये. टर्की आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवी, त्यासाठी थर्मामीटर घरात असलेला बरा. बन लोणी लावून तव्यावर कडक भाजावेत.

एवढा खटाटोप करून कोरडा, खमंग, बनमध्ये नीट बसणारा खिमा मी मुलासमोर ठेवला. त्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, “आई, छान झालंय, पण शाळेतला कसा हातावर ओघळतो, तसा हा ओघळत नाही.” तेव्हापासून खिमा तयार झाला की शेवटी अर्धी वाटी पाणी मीच वरून घालते.