कच्छ: भूकंपाची भेग बघायला पैसे देऊ नका

भुजमध्ये कुणीही 'भूकंपाची भेग दाखवतो' म्हणालं तर हात जोडा आणि पुढे चालू लागा. भचाऊच्या बाजूला नेऊन आणायचे आमच्याकडून साडेपाच हजार घेतले, वर 'गाइड'चे आठशे वेगळे. दाखवलं काय, तर शेताच्या कडेचा पावसाने कातरलेला ओहोळ. 'साहब, यही है वो दरार!' तळाशी माव्याची प्लास्टिकं पडलेली. दोन्ही काठांवर तोच पिवळट मातीचा थर, त्यात तीच खड्यांची रेघ, दोन्हीकडे एकाच उंचीवर. म्हणजे काहीही सरकलेलं नाही. भ्रंश, म्हणजे जमीन तुटून सरकल्याची भेग, म्हणायचा तर एक बाजू वर, खाली, निदान आडवी तरी सरकायला हवी. हे त्याला सांगितलं, तर म्हणे टीव्हीवाले पण इथेच आले होते.

26 जानेवारी 2001 चा भूकंप 7.7 क्षमतेचा होता, वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. पण ज्या भ्रंशावर तो झाला, तो जमिनीच्या पोटातच तुटला, वरपर्यंत फाटत आलाच नाही. असल्या भ्रंशाला अंध भ्रंश म्हणतात. वर ज्या भेगा पडल्या त्या बहुतेक वेगळ्या कारणाने. पाण्याने भरलेली वाळू हादऱ्याने पातळ झाली, जागोजाग कारंज्यासारखी उसळली आणि वरची जमीन घसरून फाटली. मनफरा गावाजवळ जमीन काही किलोमीटर लांब तुटून आडवी सरकली होती खरी, पण तोही मुख्य भ्रंश नव्हे. एवढ्या पावसाळ्यांनंतर आणि नांगरटीनंतर त्यातलं काय दिसणार? गंमत बघा, किल्लारीचा 1993 चा भूकंप ताकदीने याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, पण उथळ होता, म्हणून तिथे जमीन वरपर्यंत फाटली.

दुसरी थाप काळा डुंगर या टेकडीवर मिळते: 'तो बघा अल्लाबंद.' 1819 च्या भूकंपात रणातली जमीन लांबच लांब पट्ट्यात उचलली गेली, सिंधूच्या एका फाट्याची वाट अडली आणि उंचवट्याच्या अलीकडच्या बाजूला सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. लोकांनी त्या उंचवट्याला देवाने घातलेला बांध म्हटलं. सगळं खरं. पण तो उंचवटा जेमतेम काही मीटरचा, कितीतरी किलोमीटर लांब, आणि थेट पाकिस्तानच्या सीमेवर. सीमा सुरक्षा दलाच्या परवानगीशिवाय तिकडे फिरकता येत नाही. डुंगरवरून दिसतं ते पांढरं रण आणि धुरकट क्षितिज. सूर्यास्तासाठी जरूर जा, बांधासाठी नको.

मग बघायचं काय? डोंगर बघा. कच्छ ही मुळात खचदरी. गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटताना जमीन ताणली गेली, तिचे तुकडे भ्रंशांवरून खाली घसरले, आत समुद्र शिरला. पुढे भारताचा भूपट्ट युरेशियाला भिडला. ताणाच्या जागी दाब आला आणि त्याच जुन्या भ्रंशांवरून तेच तुकडे उलटे वर चढायला लागले. सामान्य भ्रंशाचा उलट भ्रंश झाला. फळ्यावर हे अर्ध्या तासात संपतं. कच्छमध्ये ते पायाखाली असतं आणि फुकट असतं.

भुजच्या दक्षिणेला टपकेश्वरीच्या रस्त्याने कात्रोल टेकड्यांकडे गेलात की उत्तरेकडे तोंड केलेला उभा कडा दिसतो. तो कात्रोल भ्रंशाचा. दुचाकी भाड्याने घेऊन सकाळी सातला निघा, दहाच्या आत परत. खारी नदीची घळही त्याच दिवसात होते. तिथे प्री-वेडिंगवाल्यांचे धुराची नळकांडी सोसायची तयारी ठेवा.

खरी मजा झुऱ्याला आणि खरा त्रासही तिथेच. गावाजवळचा झुरा डोम म्हणजे वर फुगून आलेल्या थरांचा घुमट. मधोमध सर्वांत जुने चुनखडक, साधारण 16-17 कोटी वर्षांपूर्वीचे, आणि बाहेर जावं तसे नवे थर. दक्षिणेचा उतार हलका आहे. उत्तरेला मात्र कच्छ मुख्यभूमी भ्रंश जवळ आला की थर एकदम कलतात, काही ठिकाणी जवळजवळ उभे राहतात. मी वही थरावर टेकवली, तर ती सरळ घसरून खाली गेली. शेल या मऊ चिखलखडकाच्या चुऱ्यात जिप्समचे पारदर्शक पापुद्रे चमकत होते. तिथे उभं राहिलं की गुडघ्यांची कुरकुर ऐकू येत नाही.

पण तिथवर जाणारा ओढा वैतागवाणा आहे. 'पंधरा मिनिटांचं चालणं' असं सांगतील, ऐकू नका. दोन्ही बाजूंनी गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, अंगावर येतो आणि त्याचा काटा साध्या बुटाच्या तळव्यातून आरपार जातो. माझ्या स्पोर्ट्स शूजमधून दोनदा टाचेत घुसला, काढायला चिमटा नव्हता, दाताने ओढला. ट्रेकिंगचे जाड तळव्याचे बूटच घाला. सावली शून्य. माणशी तीन लिटर पाणी, नोव्हेंबरातसुद्धा. नेटवर्क ओढ्यात जातं, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा. जीवाश्म दिसतील, फोटो काढा, खिशात घालू नका.

भुजमधल्या स्मृतिवन या भूकंपस्मारकाचं संग्रहालय चांगलं आहे. दुपारच्या उन्हात, एसीत बघा. मांडवीचा किनारा छान आहे, मासे नाहीत मिळाले. मुंबईहून कच्छ किंवा सयाजीनगरी एक्स्प्रेसने जा. रणोत्सवाच्या दिवसांत भुजच्या खोल्यांचे भाव डोक्यावर बसतात, म्हणून त्या वर्षीच्या तारखा बघा आणि एकतर त्याआधी जा, नाहीतर नंतर. धोरडोच्या पांढऱ्या रणाचा परवाना ऑनलाइन काढा, ओळखपत्र जवळ ठेवा.

गाडी किलोमीटरच्या दराने ठरवा, ठिकाणांच्या नावाने नको. कच्च्या रस्त्याचे जादा पैसे आधीच बोलून घ्या. आणि स्टेपनीत हवा आहे का ते भुजमध्येच उघडून बघा. आमची स्टेपनी सपाट निघाली आणि दुसऱ्या गाडीची वाट बघण्यात अख्खी दुपार गेली.