मधला भाव

डॉलर 83 रुपयांच्या आसपास होता तेव्हाची ही गोष्ट. नरिमन पॉइंटच्या एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे चलनाचे सौदे करणाऱ्या विभागात, रुजू होऊन मला चारच महिने झाले होते आणि स्वतः सौदे करण्याचा अधिकार अजून मिळालेला नसल्यामुळे मी रिकाम्या वेळात एक एक्सेल शीट तयार केली होती. डॉलर-रुपया, पौंड-डॉलर आणि पौंड-रुपया हे तीन भाव टर्मिनलवरून तिच्यात आपोआप येत, आणि पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याशी जुळला नाही की ओळ हिरवी होत असे. त्या दिवशी नऊला बाजार उघडला आणि सव्वादहाच्या सुमारास एक ओळ हिरवी झाली: दहा लाख पौंडांमागे 24,709 रुपये नफा.

मी जवळजवळ धावतच चीफ डीलर मॅडमकडे गेलो. त्यांनी शीटकडे बघितले आणि विचारले, "पौंड कोणत्या भावाने घेतोस?"

"बिड आणि आस्क यांची सरासरी धरली आहे," मी म्हणालो. बिड म्हणजे भाव देणारी बँक ज्या भावाने घेते तो, आस्क म्हणजे ती ज्या भावाने विकते तो, आणि त्यांची सरासरी म्हणजे मधला भाव.

"त्या भावाने विकायला कोण बसलंय? सराफाकडे दागिना घेताना आणि मोडताना एकच भाव मिळतो का रे?"

मग त्यांनी मला कागदावर हिशेब करायला लावला. पडद्यावर डॉलर-रुपया 83.10/83.11, पौंड-डॉलर 1.2650/1.2653 आणि दुसऱ्या एका बँकेचा पौंड-रुपया 105.15/105.18 असे भाव होते, पहिला आकडा बिडचा आणि दुसरा आस्कचा. रुपये देऊन डॉलर घ्यायचे तर समोरचा विकणारा, म्हणून 83.11, ते डॉलर देऊन पौंड घ्यायचे तर पुन्हा 1.2653. दहा लाख पौंडांसाठी 12,65,300 डॉलर लागतात आणि त्यांचे 10,51,59,083 रुपये होतात. तेच पौंड त्या बँकेला विकले तर ती तिच्या बिडने, म्हणजे 105.15 ने घेणार आणि हातात 10,51,50,000 येणार. नफा तर सोडाच, 9,083 रुपये खिशातून गेले असते. उलट्या दिशेने गेलो असतो तर तोटा 58,500 रुपयांचा होता, कारण 105.18 ला घेतलेला पौंड डॉलरमार्गे विकला की 105.1215 रुपयेच मिळतात. थोडक्यात, थेट पौंड-रुपया भावाचा बिड डॉलरवरून जाणाऱ्या आडमार्गाच्या आस्कपेक्षा वर गेला, किंवा थेट आस्क आडमार्गाच्या बिडपेक्षा खाली आला, तरच तीन भावांच्या त्या त्रिकोणात काही हाती लागते. तोवर मधल्या भावांत फरक दिसला तरी तो स्प्रेडमध्ये, म्हणजे बिड आणि आस्क यांच्यातल्या अंतरातच, विरून जातो.

आपल्याकडे पौंड-रुपयाचा भाव बहुधा डॉलरवरूनच काढलेला असतो आणि देणारी बँक त्यात आपले मार्जिन घालते. त्या बँकेला बहुधा पौंड हवे होते, म्हणून तिने दोन्ही बाजू जरा वर सरकवल्या होत्या, इतकेच.

चूक एवढ्यावर थांबली नव्हती. दुसऱ्या एका रकान्यात मी पौंड-डॉलर उलटा करून डॉलरमागे किती पौंड ते काढले होते आणि बिडचा व्यस्त (एक भागिले बिड) बिडच्या जागी ठेवला होता. त्यामुळे बिड 0.7905 आणि आस्क 0.7903, म्हणजे विकणारा घेणाऱ्यापेक्षा स्वस्त, असा अजब भाव तयार झाला होता. भाव उलटला की बाजूही उलटतात. जो पौंडाचा आस्क, त्याचाच व्यस्त डॉलरचा बिड. हे मला कॉलेजात शिकवले होते आणि परीक्षेत मी ते बरोबरही लिहिले होते, हे मॅडमना सांगण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

जेवणाची सुट्टी न घेता मी सूत्रे नव्याने लिहिली. शीट दुपारभर पांढरीशुभ्र राहिली. तीनच्या सुमारास, बाजार बंद व्हायला अर्धा तास असताना, एक ओळ पुन्हा हिरवी झाली, आणि यावेळी बिड-आस्क दोन्ही योग्य जागी होते. मी उठलो नाही. आधी तिन्ही भावांपुढची वेळ पाहिली. पौंड-डॉलरचा आकडा चार मिनिटांपासून हललाच नव्हता. टर्मिनलवरून भाव आणणारा फीड अडकला होता.