वाकडच्या भाड्याच्या घरात ‘स्मार्ट’ उपकरणे बसवताना

पुण्याजवळच्या वाकडमधील आमची दोन बेडरूमची सदनिका भाड्याने देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्या भागात रिकाम्या घरांची अजिबात वाण नव्हती. हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांना कामापासून जवळ म्हणून वाकड सोयीचे पडते हे खरे. पण त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या नव्या उंच इमारतींमध्ये व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस असे सगळे असते आणि आमच्या जुन्या इमारतीत यांतले काहीच नाही. शिवाय मी कोल्हापूरला राहत असल्याने घर दाखवण्यासाठी किल्ली कोणाकडे ठेवायची हा कायमचा प्रश्न होता. समोरच्या वहिनी ती आनंदाने ठेवून घेत, पण एजंट रात्री नऊ वाजता कोणाला तरी घेऊन येणार आणि वहिनींचे दार वाजवणार, हे मलाच पटत नव्हते. एजंटनेच एकदा फोनवर सुचवले, “मॅडम, घर स्मार्ट करून टाका, लगेच जाईल.”

हा सल्ला मी तसाच्या तसा स्वीकारला नाही. आधीच्या भाडेकरूंशी आणि घर पाहून गेलेल्या काही जणांशी बोलून त्यांना घराबद्दल नेमके काय विचारावेसे वाटते ते जाणून घेतले. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, उन्हाळ्यात पाणी टँकरचे असते का, फायबर इंटरनेट कोणाकोणाचे येते आणि दोन दुचाक्या लावायला जागा मिळेल का, हेच प्रश्न फिरून फिरून आले. आवाज देऊन दिवे लावता येतात का, असे कोणीही विचारले नाही. त्यामुळे रंग बदलणारे दिवे, मोटारीवर सरकणारे पडदे आणि आज्ञा ऐकणारे स्पीकर मी यादीतून सुरुवातीलाच काढून टाकले. भाडेकरूला रोज ज्याची अडचण होते, ती दूर करणारेच उपकरण घ्यायचे, एवढे ठरवून मी खरेदीला लागले.

पहिला क्रमांक अर्थातच कुलपाचा लागला. बाजारात साधारण दोन प्रकारची डिजिटल कुलुपे मिळतात. एक दाराच्या आतल्या बाजूला पृष्ठभागावर बसते, तर दुसऱ्यासाठी दाराच्या जाडीत खाच पाडून कुलपाची पेटी आत बसवावी लागते. दुसरा प्रकार दिसायला देखणा आणि अधिक भक्कम असतो, मात्र त्यासाठी दार पुरेसे जाड हवे आणि खाच पाडणारा सुतार हाताचा पक्का हवा. सुताराने दाराची जाडी मोजली, चौकट थोडी सरकली असल्याचे दाखवले आणि कुलूप बसवण्याआधी बिजागऱ्या सारख्या करून घेतल्या. हे काम झाले नसते तर कुलपाची मोटार दर वेळी अडखळली असती. बाहेरच्या जाळीच्या सेफ्टी डोअरला मी हात लावला नाही. त्याची साधी कडी तशीच राहिली.

कुलूप निवडताना मी बोटाच्या ठशापेक्षा तीन गोष्टींकडे अधिक लक्ष दिले. एक म्हणजे इंटरनेट नसतानाही ते आकड्यांच्या कोडवर उघडले पाहिजे. दुसरी, आतली बॅटरी पूर्ण संपली तर बाहेरून तात्पुरती वीज देण्याची सोय हवी. आमच्या कुलपाला खाली यूएसबीची खाच आहे, तिथे पॉवर बँक लावली की कोड टाकण्यापुरती शक्ती मिळते. तिसरी, साध्या धातूच्या किल्लीनेही दार उघडता आले पाहिजे. विक्रेत्याने किल्लीचे भोक नसलेले मॉडेल अधिक सुरक्षित असल्याचे बरेच पटवून पाहिले, पण कोल्हापुरात बसून पुण्यातले दार उघडत नसल्याचा फोन घेण्याची माझी तयारी नव्हती.

या कुलपाचा खरा उपयोग मला घर दाखवण्याच्या काळात झाला. ॲपमधून ठरावीक वेळेपुरता चालणारा कोड काढता येतो आणि त्यासाठी कुलूप इंटरनेटला जोडलेले असण्याचीही गरज नसते, कारण कुलपातील घड्याळ आणि ॲप एकाच गणिती सूत्राने कोड तयार करतात. शनिवारी दुपारी चार ते पाच एवढ्याच वेळात चालणारा कोड मी एजंटला पाठवीत असे. पाच वाजून गेल्यावर तो आपोआप निकामी होई. वहिनींची त्या जबाबदारीतून सुटका झाली, आणि एकाच संध्याकाळी दोन वेगवेगळ्या एजंटांना लागोपाठच्या वेळा देणेही शक्य झाले.

गिझरच्या बाबतीत विजेचे गणित आधी मांडावे लागले. आमचा पाणी साठवणारा गिझर २ किलोवॅटचा आहे, म्हणजे २३० व्होल्टवर तो साधारण ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. मोबाईलवरून चालू-बंद करता येणारे ‘स्मार्ट प्लग’ म्हणून स्वस्तात मिळणारे बरेचसे प्लग ६ किंवा १० अँपिअरचे असतात. मर्यादेच्या इतक्या जवळ प्लग चालवणे बरे नाही, म्हणून गिझरसाठी १६ अँपिअरचाच घ्यावा लागतो. इलेक्ट्रिशियनला मी आधी बोर्ड उघडून अर्थिंग तपासायला सांगितले आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मुख्य पेटीत बसवून घेतला. तो ॲपमध्ये दिसत नाही आणि जाहिरातीच्या छायाचित्रातही येत नाही, तरी माझ्या मते घरातील सर्वांत शहाणे उपकरण तेच आहे. प्लगमध्ये एक सेटिंग पाहून ठेवावे लागते. वीज जाऊन परत आल्यावर प्लगने चालू व्हायचे, बंद राहायचे की आधीच्या स्थितीत जायचे, हे ठरवता येते. पुण्यात महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी असतात. भाडेकरू कामावर गेलेला असताना वीज परत येऊन गिझर आपला आपण सुरू होऊ नये म्हणून मी ते सेटिंग ‘बंद’वर ठेवले. रात्रपाळी करून सकाळी परतणाऱ्यांना रिक्षात बसल्या बसल्या गिझर लावता येतो, ही गोष्ट ऐकून घर पाहायला आलेल्यांचे चेहरे खुलत, हेही नमूद केले पाहिजे.

पंख्यांवर मी सर्वांत जास्त विचार केला, कारण तिथे खर्च घरमालकाचा आणि बचत भाडेकरूची असते. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी (ब्रशविना चालणाऱ्या) मोटारचा पंखा पूर्ण वेगातही ३० ते ३५ वॅटमध्ये भागवतो. एका पंख्यामागे ४० वॅट वाचले आणि तो दिवसाला दहा तास चालला, तर महिन्याला १२ युनिट वाचतात. तीन पंख्यांचे ३६ झाले. हा फायदा माझ्या बिलात कधीच दिसणार नव्हता. पण त्याच इन्व्हर्टरवर हे पंखे वीज गेल्यावर बरेच जास्त वेळ चालतात, आणि इन्व्हर्टरचा प्रश्न तर प्रत्येक जण विचारीत होता. म्हणून जाहिरातीत ‘स्मार्ट पंखे’ असे न लिहिता, वीज गेल्यावर पंखे आणि राउटर चालू राहतात, असे मी लिहिले. त्या एका ओळीवरून सर्वाधिक फोन आले.

स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारा सेन्सर बसवताना मात्र दुकानदाराशी थोडा वाद झाला. तो जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवायला सांगत होता. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तिथे हे बरोबरच आहे. पण आमच्या इमारतीत पाइपने येणारा नैसर्गिक वायू आहे आणि त्यातील मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने तो वर छताकडे जातो. सेन्सर छताजवळच बसला, आणि तो मिथेनसाठी योग्य असल्याची खात्री मी खोक्यावरील माहिती वाचून करून घेतली.

कॅमेऱ्याबद्दल मला कोणाशीही चर्चा करायची नव्हती. एजंटच्या मते हॉलमध्ये एक कॅमेरा असला की ‘घरावर लक्ष राहते’. दुसऱ्याच्या राहत्या घरात मालकाचा कॅमेरा असणे ही कल्पनाच मला असह्य वाटते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि संमतीशिवाय एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागांचे चित्रण करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी माझे उत्तर तेच राहिले असते. दाराबाहेरच्या व्हिडिओ बेलचा प्रश्न निराळा होता. आमच्या मजल्यावर दोन दारे अगदी समोरासमोर आहेत, त्यामुळे आमच्या बेलला वहिनींच्या घरातले येणे-जाणे दिवसभर दिसले असते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तशी शंका काढण्याआधीच मी तो बेत सोडला आणि दारावरच्या भिंगाच्या जागी आतल्या बाजूस छोटा पडदा असलेले उपकरण लावले. बेल वाजली की बाहेरचा माणूस पडद्यावर दिसतो. चित्रण कुठेही साठत नाही.

भाडेकरू म्हणून शेवटी आले ते हिंजवडीत नोकरी करणारे एक तरुण दांपत्य. मुलीची आई लातूरहून काही दिवसांसाठी आलेली होती, तीही घर पाहायला सोबत होती. मी मुद्दाम पुण्याला गेले होते. मुलीने कुलूप, गिझर, पंखे सगळे नीट पाहिले आणि मग थोडे अवघडून विचारले, “काकू, आम्ही कधी आलो, कधी गेलो, हे तुम्हाला मोबाईलवर कळत राहणार का हो?” माझ्या मते हाच त्या सगळ्या व्यवहारातला मुख्य प्रश्न होता. कुलूप प्रत्येक वेळी दार उघडल्याची नोंद ठेवते आणि ज्याच्या खात्याला ते जोडलेले असेल, त्याला ती वाचता येते. मी तिला तसे स्पष्ट सांगितले, आणि करार होताच तिच्यासमोर कुलूप माझ्या खात्यातून काढून, मूळ स्थितीत आणून, तिच्या खात्याला जोडून देईन, असेही सांगितले. तिच्या आईचा प्रश्न अगदी साधा होता: “पण किल्ली आहे ना, बाई?” किल्ली दाखवल्यावर त्या निश्चिंत झाल्या.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते आणि ते खोडून काढण्याचा भार मालकावर पडतो. म्हणून उपकरणांबद्दलचे तोंडी बोलणे मी करारात आणले. प्रत्येक उपकरणाचे मॉडेल व अनुक्रमांक, बॅटरी कोणी बदलायची, आपोआप बिघडल्यास दुरुस्ती कोणी करायची, मालकाकडे कोणताही कोड किंवा ठसा राहणार नाही, आणीबाणीसाठीची एक किल्ली बंद पाकिटात मालकाकडे राहील व भाडेकरूला कळवल्याशिवाय ती वापरली जाणार नाही, अशा अटी त्यात आल्या. घर सोडताना भाडेकरूने सर्व उपकरणे आपल्या खात्यातून काढून द्यावीत आणि त्यानंतर डिपॉझिट परत मिळेल, ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यातली बरीच उपकरणे आधीच्या खात्यातून सुटल्याशिवाय नव्या खात्याला जोडलीच जात नाहीत. भाडेकरू बंगळूरला निघून गेल्यावर एका प्लगसाठी त्याच्या मागे लागण्याची वेळ मालकावर येऊ शकते. करार ऑनलाइन नोंदवला, आधार पडताळणीसाठी माणूस अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला, आणि भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे कळवून ते काम संपले.

वायफाय कोणाचे, हा प्रश्न करारापूर्वीच निकाली काढला होता. बहुतेक स्मार्ट प्लग २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात आणि राउटर बदलला की ते पुन्हा जोडावे लागतात. त्यामुळे जोडणी भाडेकरूने आपल्या पसंतीने घ्यावी आणि उपकरणेही त्यानेच जोडावीत, असे ठरले. वायफाय नसले तरी प्लगचे बटण, पंख्याचा रिमोट आणि कुलपाचा कोड चालतात, हे मी आधीच तपासून ठेवले होते.

पैशांच्या बाजूने पाहिले तर भाडे फार वाढले, असे म्हणता येणार नाही. शेजारच्या तशाच घरांपेक्षा थोडे अधिक मिळाले, तेवढेच. घरभाड्याच्या उत्पन्नातून प्राप्तिकरात ३० टक्क्यांची ठोक वजावट मिळते, त्यामुळे कुलूप-पंख्यांचा खर्च वेगळा दाखवून कर वाचवण्याची सोयही नाही. फरक पडला तो घर रिकामे राहण्याच्या काळात. एक महिना घर रिकामे राहिले तर जे भाडे बुडते, त्यात कुलूप आणि तीनही पंखे आरामात येतात, आणि खर्चाचा निर्णय मी याच हिशेबावर घेतला होता.

पुढे त्या दांपत्याने करार वाढवून घेतला. त्या वेळी मी मुलीला आणखी काही हवे आहे का असे विचारले, तेव्हा तिने गॅलरीत वर ओढता येणारा कपडे वाळत घालायचा दोरीचा स्टँड मागितला. इलेक्ट्रिशियनऐवजी या वेळी पुन्हा त्याच सुताराला फोन केला आणि त्याने तो दुसऱ्याच दिवशी लावून दिला.